हौसाबाईच्या सहा बाटल्या

पेणच्या खाडीपट्ट्यात बांधाला लागूनच हौसाबाईचं घर. दोन वर्षांपूर्वी बांध फुटला आणि खाडीचं पाणी गावतळ्यात शिरलं. बांध पुन्हा बांधला, पण तळं खारं झालं ते झालंच. गाव टँकरवर आलं.

विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणारी सुरभी याच पाण्यावर संशोधन करत होती. पिण्याचं पाणी हा माणसाचा हक्क, तो गावाला मिळत नाही, हे आकड्यांनी दाखवायचं. तो अहवाल घेऊन गाव कलेक्टर कचेरीतल्या सुनावणीला जाणार होतं. दर उधाणानंतर एक बाटली भरून ठेवायचं काम तिने हौसाबाईला दिलं.

"तुला जमंल का गो?" जाऊबाई गिरजाबाईने टोमणा मारला.

"तुझ्यापरीस बरं जमंल!"

हौसाबाईने बाटल्या घासूनपुसून उन्हात वाळवल्या. तारखेच्या चिठ्ठ्या नातीकडून चिकटवून घेतल्या.

सहा बाटल्या झाल्यावर सुरभी आली. एकेका बाटलीत तिने खारेपणा मोजायचा मीटर बुडवला. "मावशी, हे तर गोडं पाणी!"

"मंग!" हौसाबाई खुलली. "टँकरचं हाय. वरनं फडक्यानं गाललंय."

"अहो, तळ्यातलं हवं होतं ना!"

"ती घाण विद्यापीठात धाडू? काय म्हनतील लोक आमाला?"

गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. सुरभीने मात्र मीटर पुसून पिशवीत ठेवला. सुनावणी आठ दिवसांवर होती. हौसाबाईच्या हळूहळू ध्यानात आलं, तसा तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे माज्यापायी गावाचं पानी गेलं?"

"आता तळ्यातली एक बाटली भरू. बाकी सहांचं काय झालं, ते खरं खरं लिहीन मी."

"लिव्ह. पन साहेबाला मीच सांगनार."

सुनावणीत साहेबांनी अहवाल चाळला. "सहा बाटल्या टँकरच्या? हा काय पुरावा झाला?"

हौसाबाई उभी राहिली.

"चूक माजी हाय, साहेब. त्या तल्याचं पानी पावन्याच्या बाटलीत भरायची मना लाज वाटली. आमच्या पोरांना दोन वर्सं तेच पानी वापराय लागतं, टँकर नाय आला की."

साहेबांनी कारकुनाकडे पाहून लिहून घ्यायची खूण केली. हौसाबाई टेबलावर वाकली आणि म्हणाली, "समदं लिव्ह हां, बाबा. लाज वाटली, ते पन."