आईचा आवाज खुला करताना

बाबांची नजर काचबिंदूनं गेल्यावर आमच्या घरात एक नियम आला. आई घरी नसताना बाबांनी दार उघडायचं नाही. कुरिअर येवो, पाहुणा येवो, आईचा आवाज आला तरच कडी काढायची. आई अकोल्याच्या बाजारात हार-फुलं विकते. सकाळी जाते ती ऊन कललं की परत येते. जठारपेठेतलं आमचं घर थेट रस्त्यावर उघडतं आणि बाबांना बोलण्यात गुंतवून एकजण आत शिरला होता, तेव्हा हा नियम मीच घातला. मी मुळातच भित्री. घरातली बहुतेक कड्या-कुलपं माझ्यापायीच आली.

बाबांच्या फोनमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. त्यातली बाई कोरडं, शुद्ध मराठी बोलायची. "हे बाई मायावर काहून रागावून रायली?" असं बाबा मला विचारायचे. म्हणून मी आईचा आवाज रेकॉर्ड करायला घेतला. माझं काम सॉफ्टवेअरचंच. शिवाय अमरावती-अकोल्यातली आम्ही काही हौशी मंडळी मिळून ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे ज्याचा कोड कुणीही पाहावा, घ्यावा, हवा तसा बदलावा असं. खिडक्यांना गोधड्या लावून, पंखा बंद करून आई रोज थोडी थोडी वाक्यं बोलली. घामानं भिजायची आणि मला बोल लावायची. पण शेवटी फोन तिच्या आवाजात, तिच्या वऱ्हाडी हेलात बोलू लागला. बाबा दिवसभर तो कानाशी धरून बसायचे. आई म्हणायची, मी समोर बसून बोलते तेव्हा तर एवढं लक्ष नसतं.

त्या वर्षी अमरावतीच्या एका कॉलेजात आमच्या मंडळींची परिषद भरली. तिथे एक पद्धत आहे. ज्यानं जे बनवलं, त्यानं ते भाषणाच्या शेवटी मंचावरूनच सगळ्यांसाठी खुलं करायचं. बटण दाबलेलं मोठ्या पडद्यावर दिसतं, सभागृह टाळ्या वाजवतं. आईचा आवाज मी तसाच खुला करणार होते. बाबांसारख्या कितीतरी लोकांना तो उपयोगी पडला असता. मात्र एकदा दिला की परत घेता येत नाही, हे मी आईला चांगलं समजावलं होतं. तिनं हार ओवता ओवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फुलं इकल्यावर ते देवाले गेले का नवरदेवाले, आपन पाह्यले जातो का?"

सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि बडनेऱ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत खुशीत होती. मला मात्र धाकधूक होती. ती भाषणाची असेल, असं मी स्वतःला सांगत होते.

माझ्या आधी एका प्राध्यापकांचं भाषण होतं. त्यांनी स्वतःच्या आवाजाचा एक छोटासा तुकडा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला आणि सगळ्यांसमोर त्यांचाच आवाज त्यांच्या बायकोला बँकेचा ओटीपी मागू लागला. सभागृह हसलं. आईही हसली. मी मात्र हिशेब करत होते. त्यांच्याकडे एक तुकडा होता. मी तर आईचा सगळा आवाज, निवडून, साफ करून, जगापुढे ठेवणार होते. आणि आमच्या दाराची कडी त्याच आवाजावर निघत होती.

चहाच्या सुट्टीत मी आईला हे सांगितलं. तिला माझी भीती नेहमीप्रमाणे फाजील वाटली. एवढ्या वर्षांचा संसार आहे, मशीन कोणतं आणि मी कोणती हे तुझे बाबा लगेच सांगतील, असं तिचं म्हणणं.

"लाव फोन," ती म्हणाली. "पाहू वळखतेत का नाई."

मी नको नको म्हणत राहिले. पण खरं सांगायचं तर तिचंच खरं ठरावं असं मलाही फार वाटत होतं. म्हणून मी लॅपटॉप उघडला. बाबांना नंबर ओळखीचा वाटू नये म्हणून आईनं चहा देणाऱ्या बाईंचा फोन मागून घेतला. वाक्य तिनंच सांगितलं, मी टाइप केलं. बाबांनी हॅलो म्हटल्यावर मी फोन लॅपटॉपजवळ धरला आणि आईचा आवाज बोलला, "अवो, मी बोलून रायली. दार उघडं ठेवा, सिलिंडरवाला येऊन रायला."

"बरं," बाबा म्हणाले. फोन हातात तसाच धरून ते चालत गेले असावेत, कारण पुढे आम्हाला कडी सरकल्याचा आवाज आला. मग रस्त्यावरच्या गाड्यांचा.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्यात काही उरलं नव्हतं. तिनं फोन ओढून घेतला.

"अवो, लावा दार. मी बोलून रायली. ते मशीन होतं."

पलीकडे गाड्यांचा आवाज चालूच होता. मग बाबा हळूच म्हणाले, "तेबी 'मी बोलून रायली' म्हने." आणि फोन बंद झाला.

आम्ही पुन्हा लावला. आईच्या फोनवरून लावला, माझ्या फोनवरून लावला. वाजत राहिला. शेजारच्या काकूंना लावला, तर त्या लग्नाला धामणगावला गेलेल्या. दार उघडं आहे की लागलं, कळायला मार्ग नव्हता. बाबा रस्त्यावर तर आले नसतील ना, हे माझ्या तोंडून निघालं आणि आईनं माझं मनगट दुखेल इतकं घट्ट धरलं.

तेवढ्यात मंचावरून माझं नाव पुकारलं. निघू या, असं मी म्हणाले. पण गाडीला अजून वेळ आहे, तू जा, मी फोन लावत राहते, असं आईनं सांगितलं. मंचावर मी काय बोलले ते आज आठवत नाही. कोरड्या तोंडानं बोलत राहिले. समोर आई मान खाली घालून फोन लावत होती, कानाशी धरत होती, पुन्हा लावत होती. शेवटी पडद्यावर ते बटण आलं. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले. मी म्हणाले, सॉफ्टवेअर खुलं करते आहे, आवाज नाही. माफ करा. थोड्या टाळ्या पडल्या. मी वायर गोळा न करताच खाली उतरले.

परतीच्या गाडीतही आई फोन लावत राहिली. मूर्तिजापूर गेल्यावर आई एकदाच म्हणाली, "मले वळखलं नाई त्याहीनं."

घरी पोचलो तर दार बंद होतं. मला रडूच आलं. आईनं हाक मारली, "अवो, उघडा." तिनं पुन्हा हाक मारली.

"कोन?" बाबांचा आवाज अगदी दाराच्या मागून आला. दुपारपासून ते तिथेच, दाराला पाठ लावून बसले होते.

"मी."

ते उठल्याचं ऐकू आलं. कडी निघाली नाही. दाराशेजारच्या खिडकीची फळी मात्र जराशी उघडली. "हात दे," बाबा म्हणाले.

आईनं खिडकीच्या गजांतून हात आत घातला. बाबांनी तिची बोटं एकेक करून चाचपली, दोऱ्यानं पडलेले वळ पुन्हा पुन्हा पाहिले. मग दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोनमध्ये जुनी, रागावलेली बाई परत लावून मागितली. मी लावून दिली. आई आता बाजारातून आली की हाक मारत नाही. टोपली खाली ठेवते, खिडकीच्या गजांतून हात आत घालते आणि उभी राहते.