ताडपत्रीखालचे चार महिने

आमच्या तालुक्यातली जनावरांची सगळ्यात मोठी छावणी मी काढली, आणि तीही निव्वळ भित्रेपणातून.

वर्ष दुष्काळाचं होतं. (आमच्याकडे एवढ्यावरून वर्ष ओळखू येत नाही, पण असो.) मी सव्वीस वर्षांचा होतो. घरी माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं, आणि माझा जीव जडला होता तुळजापुरात तासावर सायकली देणाऱ्या भानुदासवर! हे भानूला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, कळलं तर माझं काय होईल हेही माहीत होतं. अण्णा शेतकऱ्यांच्या सोसायटीचे चेअरमन. ते नुसते खाकरले तरी ओसरीवरची माणसं उठून उभी राहायची.

भानूच्या दुकानात पंक्चर काढायला सगळं गाव यायचं, आणि त्यातून त्यानं 'आपल्यातली' माणसं बरोबर हेरली होती. आजच्यासारखे शब्द तेव्हा आमच्यापाशी नव्हते. 'आपल्यातलं' एवढ्यावर भागायचं. कुसुम सिस्टर दवाखान्यात, विमलबाई शाळेत. दोघी नऊ वर्षं एका खोलीत राहत होत्या. गोदामावशी ही येरमाळ्याच्या देवीची गाणी म्हणत जोगवा मागणारी आराधी. जन्म पुरुषाचा, पण लुगडं नेसायची आणि कपाळभर कुंकू लावायची.

"आपन पाचजन दोन दिस सायकलीवर जाऊ," भानू म्हणाला. "नळदुर्गाच्या अलीकडं उघडा माळ हाय. तंबू ठोकू. कुनाला भ्यायचं न्हाय, कुनापासनं लपायचं न्हाय."

तंबू मी आणला. आणला म्हणजे, सोसायटीच्या गोदामातली ताडपत्री अण्णांना न विचारता कॅरिअरला बांधली! तिच्यावर हातभर अक्षरांत सोसायटीचं नाव रंगवलेलं होतं. ते आतल्या बाजूला घ्यावं, एवढी अक्कल मला नव्हती.

वारा समोरून. मावशीचं लुगडं तीनदा चेनमध्ये अडकलं. चौथ्यांदा तिनं काष्टा असा काही कसला, की ती आम्हा सगळ्यांना मागं टाकून दिसेनाशी झाली. सगळ्यात शेवटी मी! (तंबूचं ओझं होतं, असं मी आजही सांगतो.) दिवस मावळता माळावर पोचलो. पिठलं रटरटलं, भाकरी थापल्या गेल्या, आणि भानू सगळ्यांसमोर माझ्या खांद्याला खांदा लावून बसला. कुणी मान वळवली नाही. सिस्टरनी कांदा फोडला आणि आम्हा दोघांना अर्धा अर्धा दिला, घरच्या नवरा-बायकोला द्यावा तसा. इतकं सुख मला झेपेना. पिठलं तिखट झालंय म्हणत मी डोळे पुसले.

सकाळी जाग आली ती कानाला काहीतरी खरखरीत लागलं म्हणून. बघतो तर एका बैलानं तंबूत मुंडकं घातलेलं! बाहेर आलो. पंचवीस-तीस जनावरं, त्यांचे मालक, आणि मालकांच्या बायका पाटीत भाकरी घेऊन. त्यांचंही चुकलं नव्हतं. दुष्काळात उघड्या माळावर सोसायटीची ताडपत्री उभी राहिली, म्हणजे चाऱ्याची छावणी निघाली. हे कुणी कुणाला विचारत नाही.

"सायेब, छावनी काढली ते लई ब्येस झालं," एक म्हातारबा पुढं आले. "वैरन कवा येनार?"

"कसली छावनी?" भानू म्हणाला.

"मंग तुमी कोन?"

आता, 'सहलीला आलोय' एवढं सांगायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कसली सहल? दोन गडी, दोन बायका आणि मावशी, ह्यांचा मेळ काय?

"आम्ही सोसायटीची माणसं," मी म्हणालो.

"व्हय का! मंग वैरन?"

"येतेय की!"

"कुठनं येतीया?" भानूनं कानात विचारलं.

"मला काय माहीत!"

नऊ वाजेपर्यंत दोनशे जनावरं झाली. विमलबाईंनी माणसांना गावाप्रमाणे रांगा लावून बसवलं आणि बडबड करणाऱ्या एका पाटलाला उभं केलं! सिस्टर बैलांच्या खांद्यांवरची सुजलेली आवाळं धुऊन औषध लावू लागल्या. लोकांचा धीर सुटू नये म्हणून मावशीनं देवीचं गाणं धरलं.

"तुमी बी सोसायटीत हायसा व्हय?" एका आज्जीनं तिला विचारलं.

"हाय तर! देवीच्या राखीव जागंवर," मावशी म्हणाली आणि पुढचं कडवं उचललं.

भानू मात्र लांबच्या विहिरीवरनं सायकलला घागरी बांधून पाणी आणत होता. एक खेप, दोन खेपा, दहा खेपा.

तेवढ्यात कुणीतरी भल्या माणसानं नळदुर्ग गाठून चेअरमनसाहेबांना फोन केला. तक्रारीचा नव्हे, आभाराचा! दुपारी एक रिकामा ट्रक धुरळा उडवत आला आणि केबिनमधून अण्णा उतरले. त्यांनी ताडपत्रीवरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्ये काय हाय?"

"छावणी, अण्णा."

"कुनी काढली?"

"मी."

"कशापायी?"

माझ्यापाशी चार-पाच थापा तयार होत्या. पण शेजारी भानू उभा होता, घामानं भिजलेला, दोन्ही हातांत घागरी. माझ्या एका थापेसाठी तो सकाळपासून पाणी वाहत होता. मला माझीच लाज वाटली.

"अण्णा, मी छावणी नाही काढली. मी भानूबरोबर राहायला आलो होतो. लोकांना खरं सांगायची भीती वाटली, म्हणून सोसायटीचं नाव घेतलं. आणि माझ्यासाठी मुली बघू नका. मला ह्याच्याबरोबरच राहायचंय."

तेवढ्यात मागून म्हातारबांचा आवाज आला, "त्ये ऱ्हाऊ द्या की, पर वैरन?"

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी डोळे मिटले. अण्णा खाकरले, आणि विमलबाईंच्या सगळ्या रांगा उठून उभ्या राहिल्या!

"घरचं घरी बोलू," अण्णा म्हणाले. मग त्यांनी हाडं निघालेल्या एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "ह्या मुक्या जीवांस्नी वैरन येतीया म्हून सांगितलंस न्हवं? मंग उद्या ट्रक लावतो. पर ज्यानं शबूद दिला त्यानंच निभवायचा. पाऊस पडंस्तवर हितनं हलायचं न्हाय. तू आन तुजा भानू."

तुजा भानू! भानूला जाऊन सहा वर्षं झाली, पण अण्णांच्या तोंडचे ते दोन शब्द अजून माझ्या कानात आहेत. 'घरचं घरी' असं म्हणाले होते, ते बोलणं शेवटपर्यंत झालं नाही. मुली बघणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं, आणि त्या दिवाळीला माझ्यासाठी शिवलेल्या सदऱ्याबरोबर भानूच्या मापाचाही एक आला.

दुसऱ्या दिवशी उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, ट्रक आला आणि छावणी खरीच सुरू झाली. जगाची नजर चुकवून भानूबरोबर दोन दिवसांचा एकांत मिळावा, म्हणून मी एवढी सायकल हाणली होती. वडिलांच्या हुकमानं चार महिने मिळाले, तेही एका ताडपत्रीखाली! आणि त्या चार महिन्यांत एक दिवस असा गेला नाही, की आम्हा दोघांच्या मधे कुणाचं तरी आजारी वासरू झोपलेलं नव्हतं.