हललेला भुईचाफा

ज्या फुलाचा फोटो काढायला आम्ही गंभीरगडाच्या पायथ्याशी गेलो होतो, त्याच फुलावर मी बसलो. २०१४ चा एप्रिल होता, दम लागला होता, सावली दिसली आणि बसलो. भुईचाफ्याला त्या दिवसांत पान नसतं. पांढरं-जांभळं फूल थेट मातीतून वर येतं, कुणाच्या तरी केसांतून पडल्यासारखं. जयवंत कॅमेऱ्याला लेन्स लावत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्याखाली पाहिलं आणि म्हणाला, "बाळ्या, ऊठ. सावकाश ऊठ." मी सावकाश उठलो. उपयोग नव्हता... यंदा मार्चमध्ये जयवंत गेल्याचा फोन आला तेव्हा, खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला ते "सावकाश ऊठ" आठवलं आणि हसू फुटलं. फोनवर त्याचा मेव्हणा होता. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

डहाणूच्या मसोलीत त्याचा फोटो स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यात एकच भिंत. पासपोर्ट फोटो आणि लग्नं हा त्याचा धंदा. पण लग्नसराई आणि डोंगरातली फुलं नेमकी एकाच वेळी भरात येतात, आणि एप्रिल लागला की जयवंतचे पाय दुकानात ठरत नसत. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून "हनुवटी वर" म्हणता म्हणता हा स्वतः दाराबाहेर बघायचा. बहावा, कुडा, सोनसावर, सगळं काढून झालं होतं त्याचं. भुईचाफा तेवढा राहिला होता. सकाळी ताजा उमललेला, वारा नसताना, जमिनीवर आडवं पडून फुलाच्या उंचीवरून काढायचा... एवढंच हवं होतं त्याला. डोंगरातून तो थेट तलासरीला हळदीचे फोटो काढायला जायचा, तेव्हा नवरीच्या हळदीआधी याच्या कोपरांवरची माती नजरेत भरायची. त्याची बायको, कुसुमवहिनी, म्हणायच्या, "लोक नटूनथटून येतात, आणि हे बिळातून आल्यासारखे!"

पुढच्या वर्षी मी भरपाई करायला निघालो. फुलाचा कोंब शेळ्या तुडवतील म्हणून आदल्या दिवशी जाऊन त्याच्याभोवती सुका पाला आणि काटक्यांचं झकास कुंपण रचून आलो. जागा लखमा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधाला लागून. भाताची रोपं टाकायच्या आधी तिथे पाला-काटक्या रचून राब भाजतात, हे जन्मभर डहाणूत राहूनही मला सुचलं नाही. सकाळी गेलो तर राख, आणि शेजारी लखमा खुशीत. "आयता पाला रचून ठेवलेला. मी म्हटलं, भावाने केलं काम. पेटवला." जयवंत राखेकडे बघत उभा राहिला आणि मग बांधावरच बसून इतका हसला, की कशाला हसतोय ते न कळताही लखमा हसायला लागला. "गड्डा खाली जिवंत असतो," जयवंत मला म्हणाला. "पुढच्या वर्षी येईल फूल. तू येऊ नकोस." मी अर्थातच गेलो. त्या वर्षी वारा थांबेना, त्याच्या पुढच्या वर्षी वळवाने पाकळ्या चिखलात घातल्या.

गेल्या वर्षी, २०१८ च्या उन्हाळ्यात, डॉक्टरांनी त्याचं चढणं बंद केलं. हृदय दमलं होतं. पंख्याकडे बघत पडून राहणारा जयवंत मी कधी पाहिला नव्हता. चादरीखाली पायाची बोटं सारखी हलायची. शेवटी त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. "आडवा पड. श्वास धर. घाई करू नकोस." मी आडवा पडलो. फूल उमललेलं, वारा नाही, सगळं जमून आलेलं... आणि मुंग्या चावल्या म्हणा, हात थरथरला म्हणा, काढले तेवढे सगळे फोटो हलले. फुलाच्या जागी जांभळट धूर. त्याला दाखवताना मी मुंग्यांबद्दल, उजेडाबद्दल, कॅमेऱ्याच्या वजनाबद्दल बोलत सुटलो. त्याने एकेक फोटो मोठा करून पाहिला. "यातला एक मोठा प्रिंट करून आण," एवढंच म्हणाला. मला वाटलं, मित्राचं मन राखतोय.

परवा वहिनींकडे गेलो. मे महिना आहे, तिकडे भुईचाफा उमलून सरतही आला असेल, आणि मला कुठेच बसवत नाही. दुकानात नाही, घरात नाही. भिंतीपलीकडचं शटर बंद, आणि मी दिवसभर मशीनचं झाकण उगाच उघडतो, लावतो... त्याच्या खोलीत, खाटेवर पडल्यापडल्या नजर जाईल अशा जागी, माझा तो धुरकट फोटो चौकटीत लावलेला होता. त्याने स्वतः काढलेल्या इतक्या फुलांपैकी एकही नाही.

"वहिनी, एवढा आवडला होता त्याला?"

"आवडला?" वहिनींनी पदराने काच पुसली. "रोज सकाळी त्याच्याकडे बघून तुम्हाला शिव्या घालायचे आणि उठून बसायचे. म्हणायचे, गाढवाने असला काढलाय, आता मलाच बरं होऊन जायला पाहिजे. भावोजी, तुम्ही जरा बरा काढला असता ना, तर हे पावसाळ्यातच गेले असते."