काचेतला नकाशा

मुलांचा हात लागला की वस्तू बाटते, अशी आमच्या हेडसरांची ठाम समजूत होती. पालमच्या त्या शाळेत पृथ्वीचा गोलसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असे.

मी अंध मुलांना शिकवणारी फिरती शिक्षिका. परभणीहून एसटीने महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा सांभाळून नेला होता. जाड कागद, नद्या उंच रेघांच्या, सीमा टिंबांच्या, नावं ब्रेलमध्ये. पुढच्या खेपेला पाहते तर तो सरांच्या खुर्चीमागे, काचेच्या फ्रेममध्ये.

"सर, हा बोटांनी वाचायचा असतो."

"बाई, पोरांचे हात तेलकट. आठ दिवसांत वाटोळं करतील. इथं येणारा-जाणारा कौतुक तरी करतो."

"ज्यांना दिसतं ते करतात."

सरांनी चहा मागवला. भांडायला आलेल्या माणसाला ते चहा पाजत. मी तो कधी प्यायले नाही. दोन वर्षं भांडले. वरच्या कचेरीत दुसरा नकाशा मागितला, तर "एक दिलाय ना?" असं उत्तर आलं.

माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. साधना ही शाळेतली एकटी अंध मुलगी. तिला ते स्वतः एसटीत बसवून देत. "लेकरू हाय, उठा की हो!" म्हणून प्रवाशांवर खेकसत. पण विज्ञानाच्या तासाला तिला कोपऱ्यात खुर्ची. भाजेल, कापेल, सांडेल. जपून जपून त्यांनी तिला काही शिकू दिलं नाही.

दहावीनंतर साधनाला भूगोल घ्यायचा होता. परभणीच्या कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, "नकाशा वाचून दाखव, मग घेतो." तिथे जायच्या आदल्या दिवशी मी पक्कड घेऊनच सरांच्या खोलीत शिरले.

"काच जपून," सर म्हणाले.

मी खिळे उपसले आणि साधनाची बोटं कागदावर ठेवली. ती बराच वेळ चाचपत राहिली.

"बाई, कायबी लागंना. गोदावरी कुटं हाय?"

मी हात फिरवला. काचेखाली दबून सगळा उठाव सपाट झाला होता.

"रंग मात्र बघा, जसाच्या तसा," सर म्हणाले.

"मग सर, ह्यो नकाशा तुमच्या भिंतीनंच वाचला म्हणायचा," साधना म्हणाली.

त्या दिवशी चहा आला नाही.

साधनाने राज्यशास्त्र घेतलं. सरांच्या निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. पुढे ते गेल्याचं कळलं तेव्हा एसटीत खेकसणारा त्यांचा आवाज आठवला. वाईट वाटलं, पण राग गेला नाही.

आता नवं साहित्य आलं की मी ते शाळेच्या कचेरीत नेतच नाही, थेट मुलांच्या घरी देते. पेडगावच्या एका मुलीने महिन्याभरात बोटं फिरवून फिरवून मराठवाडा फाडला. आई तिला रागवायला लागली. मी आईला गप्प केलं आणि दुसरा नकाशा दिला.