पुढच्या खुर्च्या

"आल्या काकी! आता सभा काय जेवणाआधी संपत नाय," ग्रामसभेत कुणीतरी पुटपुटलं. काकी हसल्या आणि मागे सतरंजीवर बसलेल्या बायकांना उठवून पुढच्या खुर्च्यांवर बसवू लागल्या. मोर्चा असो, रत्नागिरीतली कचेरी असो की कुणाचं लग्न, मागे राहिलेल्या बायकांना पुढे आणायचं, आयुष्यभर त्यांनी हेच केलंय.

आमच्या बौद्धवाडीच्या नळाचा विषय निघाला. सरपंचांनी माइक काकींपुढे धरला. काकींनी तो शेजारी बसलेल्या माझ्या हातात दिला.

"मी बोलले की म्हणतात, म्हातारीला सवयच आहे. तू बोल, बाय."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठीत अडखळले तर लोक हसतील, याची धास्ती. तरी मी माइक तोंडाशी धरला.

"नळ वरच्या वाडीत येऊन थांबलाय," मी म्हणाले. "आमच्याकडे कधी आणणार, ते आजच सांगा."