चाखणं म्हणजे खाणं नव्हे

आमच्या बेकरीत क्रीमच्या टेबलावर मावशींचं राज्य. मी तिथला हिशेबनीस. मी लागलो तेव्हाही टेबल त्यांचंच होतं. अंगाने काडी, आवाज मात्र भट्टीपलीकडे जाणारा. घोटलेलं प्रत्येक क्रीम आधी त्यांच्या बोटावर, मग जिभेवर, आणि मगच केकवर.

यंदा मालकांनी सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. मावशींच्या रक्तातल्या चरबीचा, म्हणजे ट्रायग्लिसराइडचा, चढलेला आकडा पाहून डॉक्टरीणबाई स्वतः बेकरीत आल्या.

"रक्त उपाशीपोटी दिलंत ना?"

"पाण्याचा घोटही नव्हता."

"आणि सकाळचं क्रीम?" ट्रेला लोणी लावणारी मावशींची धाकटी जाऊ मागून बोलली.

"चाखणं म्हणजे खाणं होय गं?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. पुन्हा तपासणी झाली, या वेळी खरोखर उपाशी. आकडा उतरला, पण हवा होता त्यापेक्षा बराच वर राहिला.

"माझ्या अंगावर चरबी आहे कुठे?" मावशींनी दंड पुढे केला.

"अंगावर नसली तरी रक्तात आहे. जास्तीच्या साखरेची शरीर चरबीच करतं. बारीक माणसाचं हृदयही त्याने धोक्यात येतं. गोड बंद करा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत या."

त्या गेल्या आणि मालक म्हणाले, "मावशी, उद्यापासून काउंटरवर बसा. टेबल तुमच्या धाकट्या जाऊबाई बघतील."

"काउंटरवर? बिस्किटांच्या बरण्यांशेजारी? चोराच्या हाती किल्ल्या देताय की!"

"जीव मोठा की क्रीम?"

"दोन्ही माझेच आहेत. गोड सोडायला सांगितलंय, टेबल नाही."

"पण न चाखता क्रीम कसं कराल?"

मिक्सर घरघरत होता. सवयीने क्रीमकडे गेलेलं बोट मावशींनी मागे घेतलं. मग चमचा भरला आणि जावेपुढे धरला. याच जावेच्या हातचं काहीच त्यांनी जन्मभर नावाजलं नव्हतं.

"सांग."

"खरं सांगू? गोड फार झालंय. कितीदा म्हटलं, पण तुम्ही ऐकाल तर ना!"

मावशींचा चेहरा उतरला. मालकांना वाटलं, आता टेबल सुटलं.

"बिनसाखरेचं क्रीम ओत यात," मावशी गरजल्या. "आजपासून जीभ तुझी, हुकूम माझा. आणि दात काढू नकोस!"

मालकांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे न बघताच मावशी म्हणाल्या, "काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलंय. तुम्ही जा."