एका रोमन नाण्याचा दिवसाचा बाजार

मागच्या प्रवासानंतर मी सांगितलं होतं की लांबच्या रस्त्याला मानेखाली उशी घ्या. तुम्ही विसरलात, आणि मान धरून परत मलाच विचारता, आजी, आता काय करू. तुमची आठवण अशी आहे म्हणून मला दर वेळी नव्याने बोलता येतं. तर या ग्रुपवर मी परत सांगते आहे, सून टाइप करते आहे. उशी घ्या.

पार्सिपनीहून ॲन आर्बरला जायचं ठरलं ते नातीमुळे. ईशा तिथे विद्यापीठात जुन्या रोमन नाण्यांचा अभ्यास करते. त्या काळी एका नाण्यात माणसाला काय काय मिळायचं, हे दाखवणारं एक काचेचं कपाट तिने म्युझियममध्ये मांडलं होतं. शुक्रवारी तिला शिकवणाऱ्या बाई ते बघणार. पसंत पडलं तर सोमवारी लोकांसाठी उघडणार आणि उन्हाळ्याचं काम ईशाला मिळणार. मुलगा म्हणाला, आई, तू नुसतं बघ, काही बोलू नकोस. मी बरं म्हणाले. बरं म्हणायला काही लागत नाही.

घराजवळून ऐंशी नंबरचा रस्ता धरला की पेनसिल्व्हेनिया सरता सरत नाही. डोंगर, ट्रक, परत डोंगर. तिथे टोल नाही. ओहायोत टोल आहे आणि रस्ता सपाट, म्हणजे झोप येते तिचेच पैसे. एका दिवसात दहा तासांत पोचता येतं, पण माझे गुडघे सात तासांचे आहेत. वाटेत मोटेल घेतलं. शंभर डॉलरच्या आत खोली, सकाळी वॉफल फुकट. वॉफल म्हणजे खिडकीची जाळी उमटलेलं धिरडं. त्यावर पाक ओततात. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या म्हणून निभावलं.

ॲन आर्बरला एप्रिलमध्येही रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ होता आणि पोरं अर्ध्या चड्डीत सायकली हाणत होती. गावात पार्किंग मिळत नाही. गाडी लांब लावा आणि बसने जा.

म्युझियमला तिकीट नाही. मला अक्षर येत नाही, त्यामुळे पाट्या वाचण्यात वेळ गेला नाही, सरळ नाणं पाहिलं. नखाएवढं, चांदीचं, वर एका नाकेल्या माणसाचं डोकं. ईशा म्हणाली की ही मजुराची साधारण एका दिवसाची कमाई. एका चांदीच्या नाण्याची तांब्याची सोळा नाणी. म्हणजे रुपयाचे सोळा आणे. इतक्या लांब येऊन हिशोब आमचाच निघाला.

नाण्याशेजारी तिने बरणीत गहू भरून ठेवला होता, दीड-दोन पायली असेल. एवढा गहू एका नाण्यात, घर चार-पाच दिवस जेवेल, असं पाटीवर लिहिलं होतं म्हणे. बाई बघत होत्या, मान हलवत होत्या. सगळं बरं चाललं होतं.

मी ईशाला विचारलं, "हा गहू दळला कुणी?"

"आजी, प्लीज. नंतर."

"आणि सरपण? मीठ? दिव्याला तेल? कच्चा गहू खात होते का ते?"

मुलाने छताकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, आजी काय म्हणतात. माझं एवढं बोलणं ईशाने दोन शब्दांत उरकलं. बाई शहाण्या, भाषांतर आखूड पडलंय हे त्यांना कळलं. त्यांनी परत विचारलं. ईशा लाल झाली, पण मग सगळं नीट सांगितलं.

बाई म्हणाल्या, त्या काळी बेकरीत पावाचा भाव काय होता? ईशाच्या वहीत होता. एका पावाला तांब्याची दोन नाणी. म्हणजे दिवसभर राबून आठ पाव. त्यातून तेल, मीठ, भाजी, खोलीचं भाडं काढायचं. कपाटात गव्हाची रास, आणि हातात आठ पाव. मधलं सगळं, दळण नि सरपण, कुठे गेलं, ते पाटीवर नव्हतं.

कपाट सोमवारी उघडणार नाही असं ठरलं. दोन आठवड्यांत नव्याने मांडायचं, उन्हाळ्याचं काम तेव्हा बघू. आम्ही जेवायला गेलो. डोशाला चौदा डॉलर. ईशा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मुलाने पाण्याचा ग्लास जोरात ठेवला.

बसची वाट पाहताना ईशा एकदम म्हणाली, "आजी, तुमच्याकडे मजुरी कशी मिळायची?"

"खुरपणीला ज्वारी मिळायची. संध्याकाळी पदरात."

"ती दळायचं कोण?"

"मी."

"आणि लाकडं?"

"तीही मीच."

"त्याचे पैसे कोण द्यायचं?"

"मागायचे कुणाकडे?"

तिने थंडीत हातमोजा काढला आणि उभ्याउभ्या वहीत लिहून घेतलं. बस आली तरी लिहीत होती. बस सुटली. पुढची वीस मिनिटांनी आली.

पार्सिपनीला परत येऊन आठवडा झाला. गुडघे अजून ओहायोत आहेत. नाण्यावरच्या रोमन राजाचा चेहरा मी विसरले, त्याने मनाला लावून घेऊ नये. ईशाचा काल फोन आला. नाण्याशेजारी आता आठ पाव मांडणार आहे, आणि गहू दळणारी, सरपण आणणारी जी बाई, तिची जागा रिकामी ठेवून पाटीवर लिहिणार आहे की हिची मजुरी कुठेच सापडत नाही. बाईंनी अजून होकार दिलेला नाही. पोरगी रात्रंदिवस तिथेच बसते आणि पैसे टाकायच्या यंत्रातल्या चिप्स खाते.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल तर तिला पीठ, तांदूळ, डाळ काही पाठवू नका, ती ते शिजवणार नाही. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या पाठवा, बारा तरी, आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. लसूण जरा जास्त घाला.